एक फोडायचा, एक ठेवायचा

अक्का, दारावरचा भोपळा अजून तिथेच आहे. आत्या रोज सकाळी सडा घालायला येते, त्याच्याकडे बघते आणि म्हणते, "काढून टाक रे तो. घर राखायला लावला होता ना? काय राखलं त्यानं?" मी हो म्हणतो आणि काढत नाही.

तेरावं झालं. पाहुणे गेले. रजा संपत आली, असा मद्रासहून पेपरच्या ऑफिसचा निरोप आहे. आत्याने नवं कुलूप आणून ओट्यावर ठेवलं आहे, किल्ल्या त्याच्याच कडीत अडकवलेल्या. मी घर बंद करून जावं आणि मुलांच्या आयांना दुसरी शाळा बघायला सांगावं, असं सगळ्यांचं ठरलं आहे. मी नाही म्हटलेलं नाही.

तुझ्या निधनाची नोंद मी लिहिली. नाव, वय, काम, मागे कोण. त्यात चूक नाही. ती पाठवून दिली. हे त्या नोंदीत न बसलेलं आहे. आपण दोघं ज्या मराठीत भांडलो ती तंजावरबाहेर फारशी कुणाला कळत नाही, म्हणून माझी वाक्यं सरळ करून लिहितो. तुझी शक्यतो तशीच ठेवतो; 'अस्क्या' म्हणजे 'सगळ्या' एवढं कळलं की पुरे. दुसऱ्याचं बोलणं दुरुस्त करायचं नाही, हे मला कामावर शिकवलेलं आहे.

सुरुवात मीनाच्या पुस्तकापासून झाली. आपली मावसबहीण अमेरिकेत राहते. तिच्या मुली मोठ्या झाल्यावर त्यांची जुनी पुस्तकं तिने तुझ्या वर्गासाठी पाठवली. तुझा वर्ग म्हणजे राजवाड्यामागच्या गल्लीतली आपली पुढची खोली आणि ओटा, तीन ते पाच वर्षांची मुलं, तू आणि मंगळम. मुलांना शी-शूला नेणं, नाकं पुसणं आणि तुला वेळेवर जेवायला लावणं ही मंगळमची कामं. त्या पुस्तकांत एक हॅलोवीनच्या सोप्या हस्तकलांचं होतं. कागदी ताटलीचा भोपळा, दोन तळव्यांचं वटवाघूळ, पांढऱ्या फडक्याचं भूत.

गावात तेव्हा इंग्रजी नर्सऱ्या निघत होत्या. मुलांना टाय, बूट, गळ्यात पाण्याची बाटली. आया तुला विचारू लागल्या होत्या, "टीचर, तुम्ही नवीन काय शिकवणार?" त्यांना द्यायला उत्तर सापडलं म्हणून तू एसटीडी बूथवरून मला फोन केलास.

"भुतांचा सण? चार वर्षांच्या पोरांना?" मी म्हणालो. "आणि तोही आपला नसलेला."

"भोपळा कोणाचा आहे रे? मीनाचा?"

"तो सण कशासाठी करतात ते तरी माहीत आहे का तुला?"

"मज ठाऊक नाही. पोरांना पण नाही. ऐक. अस्क्या गावात बिल्डिंगा उठल्यात. दर बिल्डिंगीला दृष्ट लागू नये म्हणून जीभ काढलेला राक्षस टांगलाय. आमची सेल्वी त्याच्याखालून येताना डोळे मिटून येते. परवा गटारात पडली. तिनं त्याला कधी हात लावला नाही म्हणून भिते. आपण केलेल्या राक्षसाला कोण भितंय?"

"हे तुझं मत झालं. पुरावा काय?"

"पोडा," तू म्हणालीस आणि फोन ठेवलास. लहानपणी पतंगाचा दोरा गुंतवला की तू मला याच तमिळ शब्दाने हाकलून द्यायचीस.

कागदी ताटल्या तंजावरात तेव्हा मिळत नव्हत्या. रोज एक पान फाडायच्या कॅलेंडराचा जाड पुठ्ठा मात्र घरोघर होता. मुलांनी जुने पुठ्ठे आणले. वटवाघळांचा काळा कागद फोटो स्टुडिओतून आला. फोटोचा कागद त्यात गुंडाळून येतो. खळ मैद्याची, मंगळमने शिजवलेली. पुस्तकात नारिंगी रंगाची बाटली दाखवली होती, पण तुझी मुलं बोटं चाटायची, म्हणून तू हळदीत चिमूटभर चुना कालवलास. रंग पुस्तकातल्यापेक्षा चांगला आला. गोल तू कापून द्यायचीस, डोळे कापून द्यायचीस. तोंड मात्र नाही. तोंड ज्याचं त्याने काळ्या खडूने करायचं, दुसऱ्याने हात लावायचा नाही. तुझ्या वर्गात इतर नियम होते की नाही मला माहीत नाही. हा मोडलेला मी पाहिला नाही. एकाच्या भोपळ्याला फणीसारखे दात होते. एकाचं तोंड पुठ्ठ्याबाहेर जमिनीवर गेलं होतं आणि मंगळमने ती फरशी दोन दिवस पुसली नाही.

मुलं आपापले भोपळे घरी घेऊन गेली आणि त्या संध्याकाळी जे झालं ते दुसऱ्या कुठल्या गावात झालं नसतं.

आपल्याकडे अमावास्येला कोहळ्यात कुंकू भरतात, दुकानावरून, माणसावरून ओवाळतात आणि तिठ्यावर नेऊन फोडतात. हळद-चुन्याच्या लाल पाण्याने नवरीची, बाळंतिणीची दृष्ट काढतात. घरोघरच्या आज्यांनी पाहिलं: भोपळा, त्यावर राक्षसाचं तोंड, धरून उभं असलेलं लेकरू, आणि पुठ्ठ्याला हळद-चुन्याचा वास. टीचरने दृष्ट काढायलाच पाठवलं आहे, यात त्यांना शंका वाटली नाही. त्यांनी पोरांना पूर्वेला तोंड करून उभं केलं, भोपळा त्यांच्यावरून ओवाळला आणि तिठ्यावर नेऊन फाडला. काहींनी वर कापूर लावला. सकाळी तिठ्यावर नारिंगी तुकडे पडले होते, गाई ते हुंगत होत्या आणि वर्गात एकही मूल न रडणारं नव्हतं.

फोनवर तुला हसू आवरत नव्हतं. बूथवाल्याने तुला पाणी दिलं, ते मला ऐकू आलं.

"रिपोर्टर, बातमी घे."

"ह्यात बातमी काय?"

"अस्क्या गल्लीतल्या आज्यांनी मिळून हॅलोवीन फोडलं, ही बातमी नाही?"

"नाही."

"मग बातमी म्हणजे काय रे? सांग तरी."

मी सांगितलं. कुणावर परिणाम होतो, किती जणांवर, आज का. तू सगळं ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, "असू दे. तुमच्या पेपरात जागा नसेल." त्यानंतर दर वर्षी ऑक्टोबरच्या शेवटी तू तोच प्रश्न विचारलास आणि मी तेच उत्तर दिलं. माझं उत्तर आजही बरोबर आहे असं मला वाटतं. फक्त ते ऐकायला आता कोणी नाही.

आज्यांना बोलावून तू त्यांची चूक समजावली नाहीस. मी समजावत बसलो असतो. तू मुलांना पुन्हा पुठ्ठे आणायला सांगितलेस. "आता दोन-दोन करायचे. एक आजीला फोडायला, एक तुम्हांला ठेवायला." सेल्वीने विचारलं, फोडायचा कुठला? तू म्हणालीस, "ज्याची भीती वाटते तो दे." सेल्वीने आपला जास्त भयंकर भोपळा आजीच्या हाती दिला आणि तिठ्यावर त्याच्या तुकड्यांवर नाचली. पुढच्या वर्षीपासून आज्याच विचारू लागल्या, टीचर, यंदा भोपळे कधी. गावातल्या टायवाल्या नर्सऱ्यांत हॅलोवीन आलं तेव्हा आपल्या गल्लीत ते जुनं झालं होतं, आणि हॅलोवीन हे नाव कुणाच्या तोंडात राहिलेलं नव्हतं. सगळे 'टीचरम्माचा भोपळा' म्हणत. तो सण आपला नाही, हा माझा मुद्दा तसाच बाजूला पडला. सेल्वी राक्षसाला रोज जीभ काढून दाखवते, असं तू कळवलंस. मी पुरावा मागितला होता म्हणून.

त्या पहिल्या वर्षीच्या दिवाळीला मी आलो तेव्हा तू माझ्यापुढे पुठ्ठा ठेवलास, डोळे कापलेला.

"कर."

मी खडू घेतला आणि एक आडवी रेघ ओढली.

"हे तोंड?"

"तोंड."

"हा भोपळा नाही रे. हा तुझा न्यूज एडिटर आहे." मंगळम पदर तोंडाला लावून आत पळाली. "बरं. आता दुसरा कर. फोडायचा."

"मला कशाची भीती नाही."

तू खडू परत घेतलास. "मग हाच ठेवायचा," म्हणालीस आणि तो दारावर टांगलास. दर वर्षी तू त्याला नव्याने हळद लावायचीस. रेघ फिकट होत गेली, पण तिला तू हात लावला नाहीस. ती माझी होती. आत्या ज्याला काढ म्हणते तो हा.

त्या पुस्तकातलं भूत मात्र तू कधीच करू दिलं नाहीस. ते सगळ्यांत सोपं होतं. कापसाचा गोळा, वर पांढरं फडकं, दोऱ्याची गाठ. मी म्हटलं, करायचं तर पुस्तक पूर्ण कर, अर्धं कशाला? तू खळ ढवळत होतीस. "राक्षसाला पोरं भितात, ते आपण त्यांच्या हातात दिलं. पण पांढऱ्या कापडात बांधलेलं कोणी ज्यांनी घरात बघितलंय, त्यांना ते कसं देऊ? त्या धाकट्या मुरुगनचा बाप मेच्या सुट्टीत गेला. त्याला गाठ मारायला लावू?"

मी पुस्तकातलं ते पान उलटलं. 

नदीवर तुला नवं कापड गुंडाळत होते तेव्हा कोणीतरी मला म्हणालं, "पुढे हो, गाठ तुला मारायची आहे." मी मारली. मेच्या सुट्टीनंतर शाळेत परत आलेल्या त्या पोराची तेव्हा मला आठवण झाली. बाकी काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही. एरवी मी घटनाक्रम चुकत नाही.

तुझ्या आजाराबद्दल आपण बोललो नाही. तुला धाप लागायची हे मला दिसत होतं. मला दिसतं आहे हे तुला दिसत होतं. गेल्या उन्हाळ्यात मी आलो तेव्हा तू ओट्याच्या दोन पायऱ्यांमध्ये थांबलीस आणि दाराच्या चौकटीला धरून गल्लीकडे बघितलंस, जणू कुणाची वाट पाहते आहेस. पाय सुजलेले होते, चपलेचा पट्टा रुतत होता.

"डॉक्टरकडे गेली होतीस?"

"ती कात्री दे रे."

"अक्का."

"बोथट दे. धारेची नको. ऐकू येतंय मज."

मी कात्री दिली. तू कापत राहिलीस. रोज प्रश्न विचारणं हे माझं काम आहे, आणि उत्तर टाळणाऱ्याला तोच प्रश्न तीनदा कसा विचारायचा हे मला येतं. तुला मी एकदाच विचारला. तू दुसऱ्यांदा विचारू देशील असं तुझ्या तोंडावर दिसत नव्हतं, आणि तो तुझा हक्क होता असं मी आजही मानतो. पण रात्रीच्या गाडीने परत जाताना जे मनात होतं ते तसंच राहिलं. तू गेलीस तर मी या भाषेत कुणाशी भांडू, एवढंच ते होतं.

इथवर परवाच लिहून ठेवलं होतं. यंदा आपल्याकडे नवरात्रातल्या बाहुल्यांचा कोलू मांडला नाही. सुतकातच नवरात्र गेलं. बाहुल्यांच्या पेट्या माळ्यावर आहेत आणि पायऱ्यांच्या फळ्या भिंतीला टेकून. पुढच्या खोलीत तुझा लाकडी डबा होता तसाच होता. मी तो उघडला नाही. मंगळमने उघडला, कालच्या दिवशी, कारण मुलं आली.

मी दारावर तमिळमध्ये कागद लावला होता, वर्ग बंद आहे म्हणून. आयांनी तो वाचला असणार. पण दिवस भोपळ्यांचा होता, आणि या गल्लीत त्या दिवशी मुलांना तुझ्याकडे आणतात. त्यांच्या हातांत पुठ्ठे होते. सेल्वी आता मोठ्या शाळेत जाते, तीही आली, धाकट्या भावाला घेऊन.  मंगळमने चुलीवर खळ ठेवली.

डब्यात सगळं कापून तयार होतं. तू आजारात कधी बसून कापलंस कोण जाणे. मंगळम म्हणते, तिला रोज घरी पाठवल्यावर. गोल, डोळ्यांसकट, प्रत्येकाचे दोन, मागे पेन्सिलीने मुलाचं नाव. माझ्या नावाचेही दोन होते. खाली तुझ्या नावाचे दोन होते. त्यांना तू हळद लावून ठेवली होतीस. तोंड नव्हतं.

मुलं फरशीवर बसली. खोलीत कावळ्यांसारखा कलकलाट झाला आणि कुणीतरी कुणाचा खडू मोडला. मी दारात उभा होतो. सेल्वीने माझा पुठ्ठा आणून माझ्या हातात दिला.

"मामा, तुमचा फोडायचा राहिलाय. टीचर दर वर्षी म्हणायची."

"काय म्हणायची?"

"त्याला सांगू नका, तो करेल तेव्हा करेल."

मी बसलो. खडू घेतला. या वेळी रेघ ओढली नाही. तोंड उघडं काढलं, जेवढं पुठ्ठ्यात मावेल तेवढं, आणि आत काळं केलं. खडू संपला तेव्हा सेल्वीच्या भावाने आपला दिला. मुलांपैकी कोणी हसलं नाही. मुरुगनच्या धाकट्या बहिणीने जवळ येऊन पाहिलं आणि मंगळमला सांगितलं, "मामाचा भारी आहे. फोडायलाच पाहिजे."

आज्या ओट्याखाली जमल्या होत्या. माझ्यासाठी कोणी नव्हती. मग आत्या पुढे आली, जी सकाळी म्हणाली होती की ही थेरं बंद झाली पाहिजेत. "पूर्वेला तोंड कर," ती म्हणाली. "वाकून उभा राहा रे, एवढा उंच वाढलाहेस." तिने तो भोपळा माझ्यावरून ओवाळला, तोंडाने तेच पुटपुटत जे ती आपल्या लहानपणी पुटपुटायची, आल्या-गेल्याची, भुताखेताची, बाहेरच्याची आणि घरच्याची. ती रडत होती. मी तिच्यामागून तिठ्यावर गेलो आणि तिने तो फाडला. पुठ्ठा जाड होता, तिच्या हाताने फाटेना, मग आम्ही दोघांनी दोन बाजूंनी ओढला.

परत आलो तेव्हा वर्गात भांडण चाललं होतं. तुझे दोन भोपळे मध्ये होते. यातला फोडायचा कुठला, यावर दोन पक्ष झाले होते. मंगळम म्हणाली, दोन्हींना खडूने तोंडं काढू या, मग ठरवा. सेल्वी मध्ये उभी राहिली.

"कोण काढणार?" ती म्हणाली. "टीचरचं तोंड टीचरच काढणार."

"ती नाही ना आता," आत्या म्हणाली.

"म्हणून काय?"

  मग मुलांनीच ठरवलं की तोंड नाही म्हणजे भोपळा पुरा झालेला नाही, आणि पुरा न झालेला फोडता येत नाही. दोन्ही दारावर टांगायला आत्याने दोऱ्याला गाठी मारून दिल्या.

आज मी निघतो आहे. आत्याने आणलेलं कुलूप मंगळमकडे दिलं आहे. ती ते दुपारी वर्ग सुटल्यावर लावेल आणि सकाळी उघडेल. दारावरचा कागद काढला. बातमी म्हणून यात अजूनही काही नाही, अक्का. कुणावर परिणाम होतो याचं उत्तर मला आता देता येईल, पण ते छापता येणार नाही.

दारावर आता माझा जुना आहे, रेघेचा, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना तुझे. मंगळमने माझ्या रेघेभोवती हळद नवी लावली. तुझ्या दोघांची तोंडाची जागा कोरी आहे. त्यांना कुणी हात लावणार नाही, सेल्वीचं लक्ष आहे. काळा खडू मी खिडकीत ठेवला आहे, तुला पोचेल एवढ्या उंचीवर.